घरचा साबण : हौस आणि हिशेब

घरच्या घरी साबण बनविण्याची हौस अलीकडे वाढत आहे. ती चांगलीच आहे. परंतु तेल, रंग व सुगंध सर्व काही विकत आणून बनविलेला साबण दुकानातील वडीपेक्षा महाग पडतो. शेतकरी कुटुंबाने हा उद्योग हाती घ्यावा तो वेगळ्या कारणासाठी. बांधावरील व ओढ्याकाठच्या करंज, कडुनिंबाखाली दरवर्षी वाया जाणारे बी हेच त्याचे खरे भांडवल होय.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आजही परदेशातून येतो. अशा स्थितीत शेंगदाण्याचे तेल साबणात घालणे इष्ट नव्हे. करंजाचे व निंबोळीचे तेल खाण्याच्या उपयोगी नाही, साबणाला मात्र चालते. शिवाय पेंड खत म्हणून शेतास परत मिळते. १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांच्या साबणास ग्रामोद्योगांत स्थान दिले, ते योग्यच होते. नुसत्या करंज तेलाच्या साबणास फेस कमी येतो, म्हणून त्यात थोडे खोबरेल मिसळावे.

या कामात अंदाज चालत नाही. एक किलो खोबरेलास सुमारे १८० ग्रॅम, तर तेवढ्याच करंज तेलास सुमारे १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेल बदलले आणि सोडा तोच ठेवला, तर साबण कातडी पोळतो किंवा तेलकट राहतो. ७०० ग्रॅम करंज तेल व ३०० ग्रॅम खोबरेल यांस १४० ग्रॅम सोडा व ३५० ग्रॅम पाणी पुरते. त्यात थोडे तेल मोकळे राहून साबण सौम्य होतो. सर्व जिन्नस, पाणीसुद्धा, काट्यावर तोलूनच घ्यावेत.

सोडा पाण्यात हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उसळून अंगावर उडते. जर्मनची भांडी सोडा खातो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे. हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत आणि मुले दूर असतानाच हे काम करावे. सोड्याचे पाणी पिण्याच्या तांब्यात किंवा बाटलीत क्षणभरही ठेवू नये. अंगावर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. तयार वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्याव्यात.

अंगाचा साबण विकावयाचा असल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये परवाना लागतो. निंबाच्या साबणाने खरूज किंवा इसब बरे होते, असे सांगून तो विकणे तर गैरच. म्हणून प्रथम घरापुरताच साबण बनवावा. झाडाखालचे बी वेचणारे हात आणि वजनाचा काटा ज्या घरी आहेत, त्या घरीच ही हौस हिशेबात बसते.