क्षमा कोणी मागायची, आणि कोणाची?

पोपच्या भारतभेटीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये तयार असतात. पहिले : 'आधी गोव्यातील इन्क्विझिशनबद्दल क्षमा मागा.' दुसरे : 'पाहुण्यापुढे असले विषय काढू नयेत.' आमचे म्हणणे असे की, ही दोन्ही वाक्ये वाचनाचे श्रम टाळण्यासाठी वापरली जातात. आणि वाचणे व शिकवणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपण मंडळींनीही यांपैकी एकाच्या आडोशाला उभे राहून स्वतःची सुटका करून घेतली आहे.

उदाहरण म्हणून जॉन पॉल दुसरे यांची १९९९ ची भेट घेऊ. डिसेंबर १९९८ मध्ये गुजरातेतील डांग जिल्ह्यात चर्चवर हल्ले झाले. जानेवारीत तेथे गेलेल्या पंतप्रधान वाजपेयींनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चेची हाक दिली. त्याच महिन्यात ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले मोटारीत जिवंत जाळली गेली. ऑक्टोबरात वाजपेयींचे सरकार पुन्हा निवडून आले आणि त्याच सुमारास, पोपच्या भेटीच्या निषेधार्थ, गोव्याहून दिल्लीकडे एक यात्रा निघाली. इन्क्विझिशनबद्दल क्षमा आणि धर्मांतरे थांबवण्याची ग्वाही या तिच्यामागील मुख्य मागण्या होत्या. सरकारने मात्र पोपचे स्वागत राष्ट्रप्रमुखाला साजेशा इतमामाने केले. सरकारला जगापुढे सौजन्य मिरवता आले, सरकारच्या वैचारिक आप्तांना रस्त्यावर रोष मिरवता आला. ५ ते ८ नोव्हेंबरच्या त्या भेटीचा राजकीय लाभ असा दोन्ही हातांनी घेतला गेला. त्यात ज्यांची कोंडी झाली, ते या देशातले सामान्य ख्रिस्ती नागरिक. त्यांना कोणी काही विचारलेच नाही.

या गदारोळात पोप येथे नेमके कशासाठी आले होते, हा प्रश्न बाजूला पडला. ६ नोव्हेंबरला दिल्लीच्या सेक्रेड हार्ट कॅथीड्रलमध्ये त्यांनी 'एक्लेसिया इन एशिया' या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. दुसऱ्या दिवशी, ऐन दिवाळीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर त्यांनी मिस्सा अर्पण केला. त्याच दिवशी विज्ञान भवनात निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसोबत त्यांची सभाही झाली. त्या दस्तऐवजातील मुख्य विचार असा : पहिल्या सहस्रकात क्रूस युरोपात रुजला, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत, तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती येईल.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबायला हवे होते. पिकाचे रूपक शुभवर्तमानातले आहे. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला त्यात येशूच्या शब्दांचा प्रतिध्वनी ऐकू येतो. परंपरेबाहेरच्या वाचकाला मात्र विळा दिसतो. पिकाला स्वतःचे मत नसते. ते कापले जाते आणि कोणाच्या तरी कोठारात जाते. सभेत सर्वधर्मीयांशी संवादाची भाषा बोलायची आणि लेखी दस्तऐवजात त्यांच्याच खंडाकडे शेत म्हणून पाहायचे, यातील विसंगती दाखवणे हा द्वेष नव्हे. तो टीकेचा अधिकार आहे, आणि तो आपण बजावला नाही. विरोधकांनी त्या वाक्याचे कारस्थान केले. समर्थकांनी ते चर्चची अंतर्गत बाब म्हणून मिटवून टाकले. राज्यघटनेचे २५ वे कलम धर्मप्रसाराचा अधिकार देते; त्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क समाविष्ट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. तो निकाल वाचून त्याच्याशी सहमत होता येते, वा त्याच्याशी भांडताही येते. न वाचता मात्र फक्त घोषणाच देता येतात.

आता क्षमेच्या मागणीकडे वळू. ही मागणी मुळात गैर आहे असे आम्ही मानीत नाही. फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली. १५६० मध्ये ते न्यायासन स्थापन झाले आणि अठराव्या शतकातील अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये 'द गोवा इन्क्विझिशन' हा ग्रंथ प्रसिद्ध करून ही हकीकत साधार मांडली. जन्माने गोमंतकीय, व्यवसायाने मराठीचे संशोधक असलेल्या या माणसाचे ते काम आहे, हे विसरता कामा नये.

पण तो ग्रंथ नीट वाचला, तर यात्रेची मागणी उलटी होते. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालत असे. हिंदूंच्या सण-संस्कारांवर बंद्या आल्या, त्यांच्यापैकी काहींना शिक्षाही झाल्या, हे खरेच. पण त्या न्यायासनापुढे सर्वाधिक संख्येने उभे राहिले ते नवख्रिस्ती. घरात जुनी रीत पाळली, जुन्या देवाचे नाव घेतले, या संशयावरून ते धरले गेले. डेलाँ नावाच्या फ्रेंच वैद्यालाही, तो कॅथलिक असूनच, तेथील तुरुंगवास भोगावा लागला. त्याचे आत्मकथन १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रियोळकरांनी ते आपल्या ग्रंथात समाविष्ट केले. तेव्हा आजचा गोमंतकीय ख्रिस्ती हा बव्हंशी ज्यांचा छळ झाला त्यांचा वंशज आहे. छळ करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. क्षमा मागितली जावी असा आग्रह धरण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. त्यालाच आरोपीच्या जागी उभे करून त्याच्या पूर्वजांच्या यातनांचे भांडवल करणे, हे १९९९ चे खरे पाप.

आमच्या पुरोगामी मित्रांना यावर टाळ्या वाजवण्याची घाई होऊ नये. पुढचे शब्द त्यांच्यासाठी आहेत. 'जखमा उकरू नका' असे म्हणत त्यांनी प्रियोळकर कपाटात बंद केले. एखाद्या ग्रंथातील पुरावा जातीयवादी माणसाने वापरला म्हणून तो पुरावा जातीयवादी ठरत नाही. तो मिरवणुकीच्या स्वाधीन झाला, कारण आपण तो वर्गातून हद्दपार केला. १२ मार्च २००० रोजी याच पोपनी रोममध्ये चर्चच्या गतपापांबद्दल, सत्याच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दलही, ईश्वराकडे क्षमायाचना केली. गोव्याचे नाव तीत नव्हते. ते का नव्हते, असे सभ्य पण स्पष्ट शब्दांत विचारणे हे विवेकी माणसांचे काम होते. ते रागीट माणसांवर सोडून आपण मोकळे झालो.

आणि आपला वर्ग? फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' आपण शिकवतो ते मराठीच्या थोरवीच्या चार ओव्यांपुरते. १६१६ मध्ये ते छापले गेले, तेव्हा सासष्टीतील देवळे पाडली गेली होती, १५८३ चे कुंकळ्ळीचे रक्तपात होऊन गेले होते आणि राजधानीत इन्क्विझिशन बसलेले होते, हे आपण सांगत नाही. ज्या मिशनऱ्यांच्या काळात इथले ग्रंथ नष्ट झाले, त्यांनीच करवून घेतलेल्या रामायण-महाभारतकथांच्या रोमी लिपीतील प्रती पोर्तुगालात ब्रागा येथे सुरक्षित राहिल्या, आणि ज्या सत्तेच्या छायेत 'क्रिस्तपुराण' लिहिले गेले, तिनेच १६८४ मध्ये देशी भाषा सोडण्याचे फर्मान काढले. हा गुंता सांगितला, तर स्टीफन्स खलनायकही ठरत नाही आणि मराठीचा निष्पाप भक्तही ठरत नाही. चार ओव्या म्हणून टाळ्या मिळतात. गुंता सांगितला की दोन्ही बाजूंचे पालक तक्रार घेऊन येतात. आम्ही हे भित्रेपण इतरांवर ढकलत नाही. त्यात आमचाही वाटा आहे.

धर्मांतर म्हणजे काय, हे समजण्यासाठी मराठीइतकी सामग्री फार थोड्या भाषांत असेल. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. मराठी कादंबरीचा इतिहास तेथून सुरू होतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची काही वर्षे दुभंगली; मग त्यांनी स्वतः, आपल्या वाटेने, १९०० मध्ये तो स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला धर्मांतर म्हणजे केवळ आमिष असे म्हणता येणार नाही, आणि केवळ मुक्ती असेही म्हणता येणार नाही. 'पीक' या शब्दाला मराठीने दिलेले सर्वांत चोख उत्तर लक्ष्मीबाई आहेत. स्वतःचे मत असलेली, हसणारी, भांडणारी ही बाई कोणाच्याच कोठारात मावत नाही.

त्या भेटीनंतर गोव्याला क्षमा मिळाली नाही. २००२ मध्ये तामिळनाडूत धर्मांतरबंदीचा वटहुकूम निघाला, पुढे तो रद्द झाला. २००३ मध्ये गुजरातेत कायदा झाला. इतिहासाचा हिशेब मागण्यासाठी म्हणून पेटवलेला रोष शेवटी शेजाऱ्यावर पाळत ठेवण्याच्या कामी आला. २०२१ मध्ये पंतप्रधान मोदींनी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भारतभेटीचे निमंत्रण दिले. ती भेट न होताच २०२५ मध्ये ते निवर्तले. पुढेमागे कोणी पोप येतील, तेव्हा ती दोन वाक्ये पुन्हा ऐकू येतील.

त्या वेळी क्षमेचा प्रश्न जरूर विचारावा. तो व्हॅटिकनला विचारावा. ज्या पोर्तुगीज राजसत्तेच्या बळावर ते न्यायासन चालले, तिच्या वारसांनाही विचारावा. विचारणाऱ्यांत गोव्याचे हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र असावेत. आणि येत्या सत्रात 'क्रिस्तपुराण' शिकवायला घेताना आपण प्रत्येकाने प्रियोळकरांचा ग्रंथ सोबत वर्गात न्यावा. एवढे तरी आपल्या हाती आहे.