मदतनिधीला ओहोटी, बालसंरक्षणात कार्यकर्तेच कमी होण्याची भीती

नवी दिल्ली : बांगलादेशातील कॉक्स बझार येथील रोहिंग्या छावण्यांत जून २०२५ मध्ये युनिसेफच्या पाठबळावर चालणाऱ्या शिक्षण केंद्रांतील १,१७९ स्थानिक शिक्षकांचे करार संपुष्टात आले. बालवाडी ते दुसरीपर्यंतच्या मुलांना शिकविणारे हे बांगलादेशी तरुण-तरुणी होते. कारण निधीच्या टंचाईचे दिले गेले. नोकरी गमावलेले शिक्षक रस्त्यावर उतरले आणि निर्वासितांची मुले वर्गाबाहेर राहिली. आंतरराष्ट्रीय मदतकार्यातील कपातीची चर्चा न्यूयॉर्क आणि जिनिव्हाच्या कार्यालयांभोवती फिरत असली, तरी तिचा पहिला घाव कोठे बसतो, हे या प्रसंगातून दिसले.

या ओहोटीची सुरुवात वॉशिंग्टनमध्ये झाली. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी, परदेशी मदतीला ९० दिवसांची स्थगिती दिली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले आणि १ जुलैला १९६१ पासून चालत आलेली ही संस्था परराष्ट्र खात्यात विलीन झाली. ब्रिटनने संरक्षणखर्चासाठी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे ठरविले. अन्य युरोपीय देशांनीही हात आखडता घेतला.

परिणाम लगेच जाणवू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने सुमारे २,६०० कर्मचाऱ्यांपैकी वीस टक्के कमी करण्याचा निर्णय घेतला. निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त कार्यालयाने ३,५०० पदे रद्द केली. जागतिक अन्न कार्यक्रमात २५ ते ३० टक्के, म्हणजे सहा हजारांपर्यंत नोकऱ्या जाण्याची शक्यता वर्तविण्यात आली. युनिसेफने २०२६ मध्ये आपले उत्पन्न २०२४ च्या तुलनेत किमान वीस टक्क्यांनी घटेल, असा अंदाज बांधला. युनिसेफला सदस्यदेशांकडून सक्तीची वर्गणी मिळत नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. देणाऱ्याचे मन बदलले की पद जाते, हे या व्यवसायाचे जुनेच वास्तव आहे. मात्र, बहुतेक मोठ्या देणगीदारांचे मन एकाच वर्षी बदलल्याचा अनुभव नवा आहे.

बालसंरक्षणात या कपातीचा अर्थ वेगळा होतो. अन्नमदतीत पैशाचा मोठा भाग धान्यावर आणि वाहतुकीवर खर्च होतो. कर्मचारी कमी झाले तरी पोती, उशिरा का होईना, पोहोचविता येतात. आईवडिलांपासून ताटातूट झालेल्या मुलाचा शोध, बालविवाह रोखणे, सशस्त्र टोळ्यांतून सुटलेल्या मुलाला घरी रुळविणे ही कामे माणूसच करतो. येथे पगार हीच सेवा असते. मानवतावादी कार्यातील बालसंरक्षणाच्या किमान मानकांनुसार एका कार्यकर्त्याकडे पंचवीसपेक्षा अधिक मुलांची प्रकरणे असू नयेत. चारपैकी एक कार्यकर्ता कमी झाला, तर उरलेल्या तिघांवर हा भार तेहतिसाच्या पुढे जातो. ‘प्रशासकीय खर्चात बचत’ असा शब्दप्रयोग अशा ठिकाणी वापरणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

भारतीय पदवीधरांच्या दृष्टीने या क्षेत्रातील वाट आधीपासूनच अरुंद आहे. संयुक्त राष्ट्रांत ‘राष्ट्रीय अधिकारी’ ही श्रेणी आपापल्या देशातील नागरिकांसाठी असते आणि तिचे वेतन स्थानिक चलनात, स्थानिक बाजारभावानुसार ठरते. ‘आंतरराष्ट्रीय व्यावसायिक’ या श्रेणीसाठी पदव्युत्तर शिक्षणाबरोबर प्रारंभीच्या पदालाही सहसा दोन वर्षांचा आणि पुढच्या पदाला पाच वर्षांचा अनुभव लागतो. तो मिळविण्याची सोपी दारे सर्वांना सारखी उघडी नसतात. ‘कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी’ योजनेचा खर्च श्रीमंत देणगीदार देश उचलतात आणि जागा प्रामुख्याने स्वतःच्याच नागरिकांना देतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील प्रशिक्षणार्थींना मानधन मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये सहा महिने स्वखर्चाने राहणे लातूर किंवा रायपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलीला कसे परवडणार, याचे उत्तर कोणतीही भरती मार्गदर्शिका देत नाही. त्यातच आता अनुभवी अधिकारी मोठ्या संख्येने बाजारात आले असून, दहा वर्षांच्या अनुभवाचा उमेदवार दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागेसाठी अर्ज करू लागल्यास नवख्यांना उभे राहायलाही जागा उरणार नाही.

देशांतर्गत निधी ही पोकळी भरून काढेल, ही आशाही मर्यादितच ठरते. परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यावर बंदी घातली. शहरातील मोठ्या संस्थेमार्फत गावातील लहान संस्थेपर्यंत पैसा आणि त्याबरोबर नोकऱ्या पोहोचत असत, ती साखळी तेथे तुटली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी वाढला आहे. परंतु तो नियमानुसार भारतातच खर्च करावा लागतो. सुदान किंवा गाझामधील कामासाठी तो उपयोगी नाही. शाळेची इमारत, टॅब्लेट, शौचालय यांसाठी कंपन्या जितक्या तत्परतेने पुढे येतात, तितक्या समुपदेशकाच्या पाच वर्षांच्या पगारासाठी येत नाहीत.

वास्तविक या क्षेत्राला कल्पना आणि माणसे देण्याची परंपरा भारतात आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा पुढे देशभर पसरली. तिच्या संस्थापक जेरू बिलिमोरिया यांनीच २००३ मध्ये विविध देशांतील अशा सेवांना जोडणारी ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ उभी केली. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील मुलांबरोबरच्या कामातून आलेला अनुभव जगाच्या उपयोगी पडला. २०२३ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ अंतर्गत १०९८ चे संचालन स्वयंसेवी संस्थांकडून शासनयंत्रणेकडे गेले. आज बालसंरक्षणात येऊ पाहणाऱ्या समाजकार्य पदवीधरापुढे देशात मुख्यतः जिल्हा बालसंरक्षण कक्षातील पदे असतात आणि तीही प्रामुख्याने कंत्राटी.

जोखमीचा मुद्दाही टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले. त्यांतील बहुसंख्य आपल्याच देशात, आपल्याच लोकांसाठी काम करणारे होते. त्याच वर्षी मे महिन्यात राफा येथे संयुक्त राष्ट्रांच्या वाहनावरील हल्ल्यात निवृत्त कर्नल वैभव काळे यांचा मृत्यू झाला आणि पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या युद्धात गाझामध्ये प्राण गमावणारे ते संयुक्त राष्ट्रांचे पहिले आंतरराष्ट्रीय कर्मचारी होते. धोका वाढत असताना कराराची मुदत आखूड होत जाणे हे या पेशातील सर्वांत मोठे अन्यायस्थळ म्हणावे लागेल.

तरीही मागणी सर्वत्र सारखी आटलेली नाही. सर्वसाधारण ‘प्रकल्प व्यवस्थापक’ पदांवर आधी गदा येत असली, तरी पोषणतज्ज्ञ, लसपुरवठा व शीतसाखळीचे जाणकार, मनोसामाजिक आधार देणारे समुपदेशक आणि कठोर हिशेब ठेवू शकणारे लेखापाल यांच्यावाचून कोणत्याही मदतसंस्थेचे चालत नाही. सीरम इन्स्टिट्यूटसारखी युनिसेफची मोठी लसपुरवठादार कंपनी पुण्यात असताना पुरवठा साखळीचे शिक्षण आणि समाजकार्याचे शिक्षण मात्र वेगवेगळ्या इमारतींत दिले जाते. काँगो आणि साहेल प्रदेशातील कामासाठी फ्रेंच येणे जवळजवळ अनिवार्य असते, तर समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत परकीय भाषेला क्वचितच स्थान असते. इस्तंबूल येथील २०१६ च्या मानवतावादी परिषदेत एकूण निधीचा चौथा हिस्सा २०२० पर्यंत थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरले होते. ते उद्दिष्ट कितीतरी मागे राहिले आहे. कपातीनंतर ‘स्थानिकीकरणा’चा उच्चार पुन्हा वाढला असून, कॉक्स बझारमधून घरी पाठविलेले १,१७९ शिक्षकही स्थानिकच होते.