दाराच्या दुसऱ्या फळीविषयी

घर बांधावयास काढले की माणसाच्या अभिरुचीची परीक्षा ग्रंथालयात न होता आरामशीनवर होते, हे आम्हांस गेल्या उन्हाळ्यात कळले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लहानसा भूखंड अनेक वर्षांच्या हप्त्यांनी आमचा झाला आणि त्यावर घर उभे राहू लागले. भिंती, स्लॅब, फरशी यांवर आमचे एकमत होते. मतभेद झाला तो दर्शनी दारावर. ते दोन फळ्यांचे असावे, एवढे मात्र सर्वांनी गृहीत धरले होते. वास्तुशास्त्रवाल्याने ते शुभ म्हटले, आराखडा करणाऱ्याने ते 'रिच' दिसते म्हटले, नातलगांनी प्राध्यापकांच्या घराला ते शोभते म्हटले. प्रश्न एवढाच उरला होता की, त्यावर गणपती कोरावा की मोर, की आजच्या रीतीप्रमाणे सपाट फळीवर पितळेची उभी पट्टी बसवावी.

हा विषय या पृष्ठांस साजेसा आहे काय, अशी शंका वाचकांस येईल. आमच्या मते आहे. दार ही घराची पहिली ओळ असते, आणि पहिल्या ओळीवरून पुढील मजकुराविषयी अंदाज बांधण्याची सवय आपणा साहित्याच्या मंडळींना आहेच.

दोन फळ्यांचे दार हे मुळात शोभेचे प्रकरण नव्हे. जुन्या वाड्यांच्या दारांतून पालखी, धान्याची पोती, लग्नाचे सामान आणि कधी बैलगाडीही आत यावयाची. एवढ्या रुंदीची एकच जाड फळी केली तर ती आपल्याच भाराने लोंबते आणि चौकटीला ओढते. भार दोन बाजूंना वाटला की दार हलके चालते. रोजच्या ये-जा साठी मोठ्या दरवाजात लहानशी दिंडी ठेवण्याची युक्तीही याच गरजेतून आली. म्हणजे रुंदी आधी, फळ्या नंतर, आणि कोरीवकाम सर्वांत शेवटी.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. 'दार' हा 'द्वार'चा वंशज. वैदिक भाषेत हा शब्द पुष्कळदा द्विवचनात किंवा बहुवचनात येतो. लॅटिनमध्ये दाराला असलेला सगोत्र शब्द 'फोरेस' हाही बहुवचनीच आहे. 'दार' म्हणताना जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा दोन फळ्याच उभ्या राहत असाव्यात. त्याहून उद्बोधक आहे ती 'कपाट' या शब्दाची गोष्ट. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. त्यातूनच आपले 'कवाड' आले. बद्रीनाथाचे 'कपाट उघडले' असे हिंदीत आजही म्हणतात. मराठीत मात्र कपाट म्हणजे मौल्यवान वस्तू कुलपात ठेवण्याची जागा. उघडण्याच्या वस्तूचे नाव जपून ठेवण्याच्या वस्तूस लाभले. आपल्या आजच्या दर्शनी दारांचाही प्रवास नेमका याच दिशेने झाला आहे, असे आम्हांस वाटते.

हे प्रथम आमच्या लक्षात आणून दिले ते सुताराने. फळीला तो 'पल्ला' म्हणतो. चित्रांचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवून आम्ही पसंती सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, दुसरा पल्ला उघडता कवा? पोरीच्या लग्नात अन् मयतीत. बाकी साल तं तो बंदच राहते." आम्ही निरुत्तर झालो. परिचितांच्या नव्या घरांतील दारे आठवून पाहिली. खरोखरच बहुतेकांची एक फळी वर-खाली खिट्ट्या लावून कायमची मिटलेली. खिट्टीत गंज, कोपऱ्यात चपलांची मांडणी. सर्व व्यवहार उरलेल्या अर्ध्या दारातून चाललेला.

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. चौकटीतील मोकळी जागा चार फूट असेल आणि फळ्या समान असतील, तर एक फळी उघडून मिळते दोन फूट. पाच फुटांची जागा असली तरी अडीच. चाकांच्या खुर्चीस साधारण तीन फूट मोकळी वाट लागते. म्हणजे ज्या दारासाठी दुप्पट लाकूड आणि दुप्पट बिजागऱ्या खर्ची पडल्या, त्यातून घरातील वृद्धाची खुर्ची सुखाने जात नाही. दुसरी फळी उघडू म्हणावे, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगलेले लाकूड आणि गंजलेली खिट्टी ऐन वेळी साथ देत नाहीत. कच्चे लाकूड तर वर्ध्याच्या उन्हाळ्यात वाकते, आणि दोन फळ्यांच्या दारात एक वाकली की दुसरीही अडते. चंद्रपूरकडच्या ज्या सागाला लाकूडबाजारात अजूनही 'सी. पी. टीक' या जुन्या प्रांताच्या नावाने ओळखतात, तो पुरता वाळवलेला घेतला तर हा दोष पुष्कळ कमी होतो. परंतु कोरीव मोराच्या खाली लाकूड कोणते आहे, हे विचारतो कोण?

आता या जिल्ह्याविषयी. आम्ही जेथे घर बांधत आहोत तेथून काही मैलांवर, १९३६ साली शेगाव नावाच्या खेड्यात, माती, बांबू आणि कवेलूंची घरे उभी राहिली. १९४० पासून ते खेडे सेवाग्राम म्हणून ओळखले जाते. आदिनिवासाचे काम मीराबेनच्या देखरेखीखाली झाले, आणि जवळपास मिळणारे साहित्य व गावचे कारागीर यांवरच ते भागवावे, असा गांधीजींचा आग्रह होता. १९७८ साली इव्हान इलिच सेवाग्रामला आले, बापूकुटीत बसले आणि त्या कुटीवरच त्यांनी व्याख्यान दिले. ते पुढे जगभर वाचले गेले. मात्र आम्ही मातीचे घर बांधले नाही आणि बांधण्याचा उपदेशही करणार नाही. सिमेंटच्या घरात राहून साधेपणावर निबंध लिहिणे सोपे असते. आम्हांस त्या कुट्यांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. महारोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमाशी आले, तेव्हा त्यांना परत पाठवले गेले नाही. बापूकुटीच्या जवळच त्यांची कुटी झाली. आजही ती परचुरे कुटी म्हणून दाखवतात. दार किती फळ्यांचे, हा प्रश्न तेथे कोणाच्या मनात आला नसावा. ते कोणासाठी, हा मात्र आला होता.

वर्धा शहराने तर याचे उत्तर त्याआधीच दिले होते. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. देशात अशा रीतीने उघडलेल्या आरंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे ती एकोणीस वर्षे किती मोठी होती हे कळते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, हे आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. दाराच्या बाहेर राहिलेल्या माणसाचे चरित्र हा आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आणि येथे आम्हांस स्वतःविषयी एक कबुली देणे भाग आहे. आमच्या नकाशात मागच्या बाजूस एक अडीच फुटांचे दार होते. ते कशासाठी, असे विचारता आराखडा करणाऱ्याने सहज सांगितले, "कामवालीसाठी." त्यावर आम्ही काही बोललो नाही. आमच्या भाड्याच्या घरी घरकामास येणाऱ्या बाईंना आम्ही 'मावशी' म्हणतो, आणि त्या गेली आठ वर्षे मागच्या दारानेच येतात. त्यांना तसे कोणी सांगितले होते, हे आम्हांस आठवत नाही. सांगावे लागत नाही, यातच सारे आले. वर्गात दलित आत्मकथने शिकवताना आमचा कंठ दाटून येतो. त्याच आमच्या घराचे पुढचे दार मावशींनी कधी वाजवलेले नाही. दोन फळ्यांचे दार लावू पाहणाऱ्या आम्हांस एक फळीसुद्धा नीट उघडता आली नव्हती.

सुरक्षिततेचा मुद्दा काही मित्र उपस्थित करतात. दिवस वाईट आहेत, वृद्ध माणसे घरात एकटी असतात, जाळीचे दार आणि कॅमेरा लागतोच. हे आम्हांस मान्य आहे. दार बंद असण्यात गैर काही नाही. जे बंद होत नाही ते दारच नव्हे. आमचा आक्षेप आहे तो उघडेपणाच्या देखाव्याला. ऐश्वर्याने पसरलेली दोन कवाडे रस्त्याला दाखवायची आणि आतून अर्धी वाट खिट्टीने बांधायची, हा एक प्रकारचा अलंकारदोषच आहे. अलंकार अर्थाला उठाव देतो तोवर शोभतो. अर्थाची जागा अडवू लागला की तो ओझे होतो.

अखेर आम्ही ठरवले ते असे. चौकटीतील जागा साडेचार फूट. मोठी फळी तीन फुटांची, रोज उघडणारी. लहान दीड फुटाची, तीही महिन्यातून एकदा उघडून खिट्टीला तेल द्यावयाचे. लाकूड वाळवलेला साग, कोरीवकाम नाही. उंबरठा जेमतेम अर्ध्या इंचाचा आणि दोन्ही बाजूंनी उतरता. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. उंबरठा उंचच असावा असा आधी त्यांचा आग्रह होता, पण उतार पाहून त्याच म्हणाल्या, "लक्ष्मीला तरी ठेच कशाला लागावी?" मागचे दार राहिले, पण ते कपडे वाळत घालण्यासाठी.

मावशींना हे सर्व समजावून सांगितले तेव्हा त्या फारशा हरखल्या नाहीत. "पुढून आली का चपला कुठं काढू?" एवढेच त्यांनी विचारले. आठ वर्षांचा संकोच एका चौकटीने जाईल अशी आमची समजूत नाही. तूर्त आम्ही सुतारास निरोप धाडला आहे की, चपलांची मांडणी दुसऱ्या फळीसमोर न ठेवता बाजूच्या भिंतीला करावी, आणि तीत एक खण अधिक असावा.