संगणक निरनिराळे, पत्रव्यवहार एक

व्यापार पतीवर चालतो, आणि पत दोन गोष्टींवर टिकते : आलेले पत्र वेळेवर वाचले जाणे आणि दिलेली तारीख पाळली जाणे. आज पेढीचे पत्र बहुधा ई-मेलने येते व तारीख संगणकाच्या किंवा फोनच्या कॅलेंडरात नोंदली जाते. परंतु दिवाणजींच्या टेबलावर विंडोजचा संगणक, चिरंजीवांच्या हाती आयफोन आणि वखारीतील माणसाजवळ अँड्रॉइडचा फोन, असा तिहेरी कारभार एकाच पेढीवर दिसतो. एकाची नोंद दुसऱ्यास दिसत नाही, आणि दोष मात्र यंत्रास दिला जातो. हा दोष यंत्राचा कमी व व्यवस्थेचा अधिक, असे आमचे नम्र मत आहे.

निरनिराळ्या कालगणना एकत्र नांदविणे आपल्या समाजास नवे नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणाची अमावास्या आपल्याकडील मराठी व कानडी पंचांगांत आश्विन महिन्यात येते. उत्तरेकडील पंचांगांत तीच कार्तिक महिन्यात धरली जाते. २०२४ सालच्या दीपावलीनंतर वीर निर्वाण संवत २५५१ व विक्रम संवत २०८१ सुरू झाले, पण शालिवाहन शक १९४६ पाडव्यापर्यंत चालूच राहिला. सरकारी हिशेबाचे वर्ष तर १ एप्रिलला उघडते. इतकी भिन्नता असूनही घोटाळा होत नाही. कारण कोणत्या गणनेतून कोणत्या गणनेत कसे जावयाचे, हा नियम सर्वांस ठाऊक आहे.

संगणकांसही असा सामाईक नियम आहे. कॅलेंडरातील नोंद कोणत्या स्वरूपात लिहावी याचा खुला नमुना १९९८ साली ठरला व २००९ साली तो सुधारण्यात आला. त्यास आयकॅलेंडर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट, ॲपल व गूगल या तिन्ही कंपन्यांची कॅलेंडरे तो वाचतात. म्हणून भेटीची वेळ पत्राच्या मजकुरात नुसती लिहून न धाडता कॅलेंडरातून रीतसर निमंत्रण धाडावे. त्यात दिवस व तास यांबरोबर कोणत्या देशाची वेळ हेही नोंदलेले असते. बेळगावच्या ओतकामाच्या कारखान्यांचा माल परदेशी जातो, तेथे याचे महत्त्व विशेष आहे. इंग्लंडातील ग्राहकाने सकाळी १० ही वेळ दिली, तर हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे ३॥ वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात २॥. कारण तेथील घड्याळे मार्चअखेर एक तास पुढे सरकतात. शिवाय ५/६ असे लिहिले, तर आपण ५ जून वाचतो व अमेरिकन ग्राहक ६ मे वाचतो. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिल्यास हा घोळ मुळातच टळतो.

पत्रांचीही तीच कथा. आउटलुकमधून विशिष्ट पद्धतीने धाडलेले पत्र अन्य यंत्रावर उघडले असता कित्येकदा विनमेल.डॅट नावाचा एक बंद गठ्ठा हाती येतो व त्यातील बिल दिसत नाही. पत्र साध्या किंवा एचटीएमएल स्वरूपात धाडले की हा अडथळा दूर होतो. सीमाभागात यात लिपीची भर पडते. श्रीलिपीच्या जुन्या टंकात लिहिलेले मराठी पत्र किंवा नुडीच्या जुन्या टंकातील कानडी पत्र तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक खुणांचा ढीग होऊन पडते. देवनागरी व कानडी या दोन्ही लिपींस १९९१ सालापासून युनिकोडमध्ये स्थान आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले पत्र निपाणीत वाचता येते, कोल्हापुरात वाचता येते आणि बंगळूरच्या कचेरीतही वाचता येते.

कोणी म्हणतील की, ही कारकुनी बाब आहे. परंतु वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ अन्वये, नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर धाडलेली नोटीस ही बजावलेली समजली जाते. तो पत्ता पूर्वीच्या दिवाणजींचा असेल, किंवा पत्रे एकाच संगणकावर उतरवून घेतली जात असतील व तो संगणक बंद पडला असेल, तर नोटिशीचे उत्तर कोण देणार? कोगनोळी ओलांडून कागलला गेले की राज्य बदलते. निपाणीच्या पेढीचा नोंदणी क्रमांक २९ ने सुरू होतो आणि कोल्हापूरच्या पेढीचा २७ ने. रोजच्या मालास आंतरराज्य व्यवहाराचे नियम लागतात. अशा ठिकाणी एक न वाचलेले पत्र महाग पडते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सर्वांनी एकाच कंपनीची यंत्रे घ्यावीत म्हणजे झाले. पण आपल्या घरात एकच यंत्र आणले, तरी ग्राहकाच्या घरात आपण ते कसे आणणार? दुसरा आक्षेप असा की, व्हॉट्सॲप असता ई-मेल कशास हवा? झटपट निरोपास तो उत्तमच. परंतु तो एका व्यक्तीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. ती व्यक्ती पेढी सोडून गेली की पेढीची स्मरणशक्तीही तिच्याबरोबर जाते. रोजकीर्द व खतावणी आपण कधी कोणास घरी नेऊ दिली नाही. मग पत्रव्यवहार का नेऊ द्यावा?

एके काळी एका पेठेचा मण दुसऱ्या पेठेच्या मणाशी जुळत नसे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि पुढील काही वर्षांत किलोग्रॅम सर्वत्र रूढ झाला. कोणी आपला तराजू टाकून दिला नाही; केवळ वजने समान झाली. संगणकाबाबतही एवढेच करावयाचे आहे. यंत्र ज्याचे त्याने निवडावे, माप मात्र सामाईक असावे.

यास्तव प्रत्येक सभासदाने चार गोष्टी कराव्यात. ई-मेल पत्ता पेढीच्या नावाचा घ्यावा व करखात्याकडे तोच नोंदवावा. पत्रे आयमॅप पद्धतीने ठेवावीत, म्हणजे ती मूळ स्थानी राहून सर्व यंत्रांवर दिसतील. मराठी-कानडी लेखन युनिकोडमध्येच करावे. मासिक विवरणपत्रांच्या ११ व २० या तारखा पेढीच्या सामाईक कॅलेंडरात नोंदवाव्यात. संघानेही दशलक्षण पर्वासह वर्षभराच्या तिथी व बाजारबंदचे दिवस छापील पत्रकाबरोबर आयकॅलेंडर स्वरूपात सभासदांस द्यावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्यास खर्च फारसा नाही. आगामी वार्षिक सभेत एक ठराव व एका जाणत्या तरुणाचे चार दिवस एवढे पुरे आहे.