लवचीक सांध्यांची मुले आळशी नसतात

हाताचा अंगठा वाकवून तो मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवणारे मूल घरात असले, की पाहुण्यांसमोर तो प्रयोग हमखास होतो. ‘अगदी रबरासारखे अंग आहे हो!’ असे कौतुकही होते. तेच मूल शाळेत अर्धे पान लिहून हात झटकू लागले, बाकावर मान टाकू लागले, की त्याला आळशी ठरवले जाते. दोन्हींचे कारण एकच असू शकते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे बनलेले असतात. काही मुलांत ते जन्मतःच जास्त ताणले जातात. हे बहुधा घराण्यात चालत येते, मुलींमध्ये अधिक दिसते आणि वयाबरोबर कमी होत जाते. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. अशा मुलांना उगाच रुग्ण बनवू नये.

काहींना मात्र त्रास होतो. सांधा सैल असला की त्याला जागेवर धरण्याचे काम स्नायूंवर पडते. नुसते ताठ बसायलाही अशा मुलाला इतरांपेक्षा जास्त श्रम पडतात. पेन्सिल धरताना बोटाचे पेर मागे वाकते, म्हणून ते पेन्सिल घट्ट आवळते. मग हात दुखतो, अक्षर बिघडते आणि शिक्षा म्हणून तेच पान पुन्हा लिहायला सांगितले जाते! दुखऱ्या हाताला आणखी लिहायला लावणे हा उपाय नव्हे. जाड पेन्सिल, मधूनमधून विश्रांती आणि पाय जमिनीला टेकतील अशी बैठक, एवढे शाळेला विनाखर्च जमण्यासारखे आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. निदान या मुलांच्या बाबतीत तरी ते कागदावर राहू नये.

डॉक्टर ‘बेटन’ मोजणी करतात. करंगळ्या, अंगठे, कोपरे, गुडघे आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकवणे, असे एकूण ९ गुण. वयात न आलेल्या मुलांत ६ किंवा अधिक गुण म्हणजे सांधे जास्त लवचीक, असे साधारणपणे मानतात. ही मोजणी लवचीकपणाची आहे, दुखण्याची नाही. त्यामुळे फक्त आकड्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

घाबरून मुलाला खेळातून काढणे ही दुसरी चूक. खेळ बंद झाला की स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. पोहणे, सायकल आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताकद वाढवणारे व्यायाम यांचाच आधार असतो. फरक दिसायला काही महिने लागतात. अस्थिबंध घट्ट करणारे टॉनिक मात्र बाजारात कुठेही मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

योगासनांच्या आणि नृत्याच्या वर्गांत नेमकी हीच मुले पुढे उभी केली जातात, कारण त्यांचे शरीर सहज वाकते. आसन वाईट नाही, पण या मुलांना गरज आहे ती सांधा योग्य जागी थांबवण्याची ताकद कमावण्याची. स्पर्धेसाठी आणखी ताणायला लावणाऱ्या शिक्षकांना पालकांनी थांबवले पाहिजे. आणि पाहुण्यांसमोरचे ते प्रयोगही बंद करावेत.

संध्याकाळी पाय दुखणे, रात्री ते चोळून घ्यावेसे वाटणे आणि सकाळी पुन्हा हुंदडणे हे या मुलांत नेहमीचे. पण सांध्याला सूज, सकाळचा ताठरपणा, ताप, एकाच जागचे सततचे दुखणे किंवा लंगडणे असेल, तर कारण वेगळे असू शकते. त्वचा फार ताणली जाणे, जखमेचे व्रण पसरट राहणे, वारंवार सांधा निखळणे, किंवा उंच अंगकाठीबरोबर डोळ्यांच्या वा हृदयाच्या तक्रारी असणे, यांपैकी काहीही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. जाताना घरात आणखी कोणाचे सांधे असे आहेत, कोणाला हृदयाचा आजार आहे, याची माहिती बरोबर न्यावी.