गाळाची काळजी आपल्यालाही आहे



वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, लेण्यांखालून, पहूरवरून उतरते आणि पुढे धरणात अडते. जळगाव शहर तेच पाणी पितं. म्हणून सिंचनवाले सांगतात : वरच्या अंगाला वनजमीन कसू नका, सपाटी करू नका, माती वाहते, धरणात गाळ भरतो.

वाहते हे खरं. उताराला उभी नांगरट केली तर पहिल्या वळवाच्या पावसातच माती नाल्यात जाते. आपल्यातले काही जण अजून तसंच नांगरतात, कबूल करू या. पण हतनूर धरणात गाळ साचला तो काय वनपट्ट्यांमुळे? पूर्णा तर विदर्भाच्या काळ्या रानातून येते. तिथल्या शेतकऱ्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. (म्हणूही नये.)

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ गावात वाचून दाखवा. पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलाय. साहेबांना काळजी असेल तर त्यांनी ग्रामसभेत यावं, सतरंजीवर बसून बोलावं. आपण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला उठवता येत नाही, हेही तिथेच सांगू.

आणि माती अडवायला उताराला आडव्या दगडी ताली लागतात. ते काम रोजगार हमीतून मागा. अर्ज लेखी द्या, तारखेची पोच घ्या. पावसाळ्याच्या आत.