उन्हाचा निळा, सोड्याला भिणारा

सायनोटाइपच्या निळ्याचं निळीच्या झाडाशी काही नातं नाही. तो लोखंडाचा निळा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण मंद उजेडात सुती कापडाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात खळबळायचं. ऊन पोचलं तिथे प्रशियन ब्लू धाग्यात बसतो, झाकलेली जागा पांढरी राहते. इतकं सोपं, म्हणूनच कार्यशाळांत त्याचा दुपारभराचा खेळ होतो.

जॉन हर्शेलने 1842मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्रशेवाळं थेट कागदावर ठेवून ब्रिटिश शैवालांचं पुस्तक छापायला घेतलं आणि ते दहा वर्षं चालवलं. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं, आणि कॅमेरा त्यात कुठेच नाही! पुढे आर्किटेक्टांचे निळे नकाशे याच रसायनातून निघाले. 1950च्या सुमारास सुसान वेल आणि रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी तर ब्लूप्रिंटच्या कागदावर माणसालाच आडवं केलं आणि दिव्याखाली त्याची आकृती उमटवली.

पण कागद भिंतीवर राहतो, ओढणी धुतली जाते.

प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. धुण्याचा सोडा लागला की निळा उडतो आणि पिवळट छटा मागे राहते. मुरलेले कलावंत हाच दोष कामाला लावतात: सोड्याच्या पाण्यात रंग मुद्दाम उतरवायचा, मग कापड चहात बुडवायचं. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि काळपट तपकिरी छटा चढते. प्रयोग म्हणावा तो हा. बाकी नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढणं, पॉलिएस्टरच्या वाटेला न जाणं, ही झाली पूर्वतयारी.

विकणाऱ्याने मात्र गिऱ्हाइकाला हे सांगायलाच हवं. कडक उन्हात हा निळा फिकटतो, अंधारात ठेवला की बराचसा परततो. साबण सौम्य लागतो, वाळवण सावलीत. चिठ्ठीवर एवढं लिहिणं जड नाही. कार्यशाळांनीही हातात नुसता रुमाल देऊन पाठवू नये. त्याच कापडाच्या तीन पट्ट्या छापून घ्याव्यात: एक सोड्यात, एक सौम्य साबणात धुवावी, तिसरी खिडकीत टांगावी. अशा पट्ट्या सोबत जोडलेली ओढणी चार पैसे जास्त मोजून घ्यायलाही हरकत नाही.